तीन लाटणी

"काय ताई, घरघंटी घेतलीत आणि सांगितलंसुद्धा नाही?"

पावसानं जरा उघडीप दिली म्हणून ओले टॉवेल घेऊन मी मागच्या दोरीपाशी आले होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. आमच्या दोन घरांमधली ही भिंत कमरेएवढी. बिल्डरनं ती एवढीच का बांधली ते त्याला माहीत, पण तिच्यामुळे २२ वर्षांत आम्हा दोघींना एकमेकींशी फोनवर बोलायची वेळ आलेली नाही. त्या बाजूला वहिनींचा गवती चहा, या बाजूला माझा कढीपत्ता, आणि दोन्हींवर दोघींचा हक्क.

"घरघंटी? कुठली घरघंटी?"

"आता लपवू नका हं. रोज पहाटे साडेपाचला सुरू होते. घूंऽऽऽ. चांगली पाऊण तास. आमच्या बेडरूमची भिंत थरथरते. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, दोन माणसांना एवढं पीठ लागतं तरी कशाला? ताई भाकरीच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या की काय? आणि परवा तर दुपारीसुद्धा आवाज आला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाही म्हणजे, घेतलीच असेल तर आमची पाच किलो ज्वारी पडून आहे."

दुपारचं मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

"वहिनी, तिथे पीठ नाही दळत कोणी. तुमचे भाऊजीच दळले जातात."

वहिनींनी हातातली चाळणी भिंतीवर ठेवली. चाळणी भिंतीवर आली की बाईंना वेळ आहे असं समजायचं.

गेल्या आषाढात हे त्र्यंबक रोडला सायकलवरून पडले ते वहिनींना सांगायला नको होतं, चार दिवस डबा त्यांच्याकडूनच येत होता. पाण्यानं भरलेला खड्डा. वरून डबकं, आत विहीर. पुढचं चाक आत गेलं, हे बाहेर आले. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. हाड जुळलं, पण डॉक्टरांपेक्षा मुलानंच जास्त दम भरला, की पावसाळ्यात सायकल रस्त्यावर काढलीत तर मी स्वतः येऊन भंगारात घालीन. एकसष्टीच्या बापाला मुलानं असं बोलावं आणि बापानं मान खाली घालून ऐकावं, हे दृश्य मी पहिल्यांदाच बघितलं.

यंदा जून उजाडला आणि हे खिडकीला चिकटले. रविवारी सकाळी त्यांची सायकलवाली मंडळी रेनकोट चढवून निघायची, वीसेक किलोमीटर जाऊन चुलीवरची मिसळ हाणायची आणि वर फोटो पाठवायची. सायकलींचे नाही, तर्रीचे. ह्यांना सायकल सुटल्यापेक्षा तर्री सुटल्याचं दुःख जास्त होतं असा माझा संशय आहे, पण ते जाऊ दे.

"मग त्या मंडळींतला एक मुलगा परदेशी निघाला," मी म्हटलं. "सामान विकत होता. शनिवारी संध्याकाळी गोणपाटात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. मला वाटलं, खाटेचे पाय असतील. सोडलं तर आत शिडीसारखी लोखंडी चौकट आणि तिच्यात तीन लाटणी."

"लाटणी?"

"लाटणीच म्हणायची. तुमचे भाऊजी रोलर म्हणतात. हे एवढं लांब." मी टॉवेल दोन्ही हातांत ताणून दाखवला. पंधरा इंच. "जाडी साडेचार इंच, ॲल्युमिनियमची, आतून पोकळ. दोन्ही टोकांना बेअरिंग. बोटानं नुसतं टिचकावलं तरी फिरत राहतात बापडी. दोन लाटणी मागे जवळजवळ, तिसरं एकटंच लांब, पुढे. मागचं चाक त्या दोघांच्या मधल्या खोबणीत बसतं आणि पुढचं चाक तिसऱ्याच्या डोक्यावर."

"आणि सायकल बांधायची कशाला?"

"कशालाच नाही."

"कशालाच नाही?" वहिनींचा आवाज एवढा चढला की कुंपणावरचा कावळा उडाला.

मलाही पहिल्या दिवशी असंच झालं होतं. मला वाटलं, एखादा नट-बोल्ट राहिला असेल, त्या मुलाकडेच पडला असेल. मी गोणपाट झटकून बघितलं. पण नाही, बांधायचं काही नसतंच. सायकल नुसती त्या लाटण्यांवर ठेवायची, वर बसायचं आणि पायडल मारायचं. मागच्या चाकानं मागची लाटणी फिरतात. मधल्या लाटण्यावरून एक रबरी पट्टा पुढच्या लाटण्यापर्यंत गेलेला असतो.

"शिवणयंत्राच्या वादीसारखा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी वीस वर्षं ब्लाउज शिवलेत, वादी म्हटलं की त्यांना सगळं कळतं.

"अगदी तसाच. मधलं फिरलं की पट्ट्यानं पुढचं फिरतं आणि पुढच्या लाटण्यानं पुढचं चाक. म्हणजे सायकलीची दोन्ही चाकं पळतायत, खालची जमीनही पळतेय, फक्त सायकल जागची हलत नाही. तो पट्टा नसता तर पुढचं चाक मढ्यासारखं थांबलं असतं आणि माणूस दोन पायडलांत आडवा झाला असता. सायकल डावीकडे कलली की आपण नकळत हँडल थोडं डावीकडे वळवतो आणि चाक पुन्हा अंगाखाली येतं. रस्त्यावर हे आपलं आयुष्यभर चाललेलं असतं, पण कळत नाही, कारण रस्ता रुंद असतो. इथे रस्ता पंधरा इंचांचा."

हे सगळं मी इतक्या झोकात सांगितलं की वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला बरंच कळतं हो यातलं." मी टॉवेलाला चिमटा लावला.

आता बसवण्याचा सोहळा. तो रविवारचा पूर्ण दिवस चालला. पुढचं लाटणं मागेपुढे सरकवायला चौकटीत भोकं असतात आणि आपल्या सायकलीच्या लांबीप्रमाणे एका भोकात खीळ घालायची असते. ह्यांनी माझा शिवणाचा दोरा घेतला, त्याला एक नट बांधला आणि गवंड्यासारखा ओळंबा तयार करून पुढच्या चाकाच्या आसापासून खाली सोडला. लाटण्याचा मध्य त्या दोऱ्याच्या बोटभर पुढे हवा. नेमका खाली नको आणि मागे तर मुळीच नको. मागे राहिला तर चाक लाटण्यावरून पुढे घरंगळतं. फार पुढे गेला तर चाक लाटण्याच्या मागच्या अंगाला टेकतं आणि सायकल आपल्याला मागे रेटते. हे चटईवर पालथे पडून एक डोळा मिटून तो दोरा बघतायत, मी डाळ-तांदूळ धुतेय, आणि दर पाच मिनिटांनी हाक येतेय, "अगं, जरा सीट धर." कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी तो नट हलायचा थांबेना, कारण वर पंखा सुरू होता. हे लक्षात यायला आम्हा दोघांना मिळून अर्धा तास लागला.

जागा ठरली स्वयंपाकघर आणि हॉलमधला बोळ. कारण तिथे डावा हात लांब केला की दाराची चौकट आणि उजवा लांब केला की भिंत.

"तीच आमच्या बेडरूमची भिंत."

"तीच."

पहिला दिवस मात्र मी विसरणार नाही. हे हेल्मेट घालून, हातमोजे चढवून घरातल्या घरात सायकलवर बसलेले. एक हात चौकटीला, खाली स्टूल, दोन्ही बाजूंना पाहुण्यांच्या गाद्या. मी मागून सीट धरलेली. "सोड म्हटलं की सोड." पायडल सुरू. घर्र, घर्र. "सोड!" मी सोडलं. चौकट ह्यांनी सोडली. एक, दोन, तीन, आणि धप्प, गादीवर. दुसऱ्यांदा चार आकडे. तिसऱ्यांदा मी "सोड" ऐकायच्या आधीच सोडलं, कारण दूध उतू जात होतं. त्यावरून आमचं जे झालं ते तुमच्या भिंतीपलीकडे ऐकू आलंच असेल.

"ते मला वाटलं, दळण अडकलं म्हणून भांडताय."

चूक कुठे होत होती ते तिसऱ्या दिवशी समजलं. हे खाली चाकाकडे बघत होते. खाली बघितलं की हात वळतो आणि हात वळला की सायकल जाते. बघायचं समोर, लांब. पण बोळात लांब असं काय असणार? समोरच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. हे त्याच्याकडे बघायला लागले आणि त्याच दिवशी दोन मिनिटं टिकले. तेव्हापासून ह्यांना सगळ्या तिथ्या पाठ. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, प्रदोष कधी, सगळं तोंडावर. पूर्वी ज्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवायची नाही, ते आता मला कामिका एकादशी कधी ते सांगतात.

दुसरी चूक हळू चालवण्याची. भीती वाटते म्हणून माणूस हळू पायडल मारतो आणि हळू मारलं की जास्त डगमगतो. भोवरा नाही का, फिरतो तोवर ताठ आणि मंदावला की झिंगतो? तसंच, असं मी ह्यांना म्हटलं. त्यावर भोवऱ्याचं शास्त्र निराळं आणि सायकलीचं निराळं, असं मला वीस मिनिटं ऐकवण्यात आलं. पण त्यानंतर हे भराभर मारायला लागले आणि पडायचे थांबले. मिनिटाला नव्वद फेरे, हलका गिअर.

वहिनींच्या मनात वेगळंच चाललं होतं. "पण ताई, समजा सुटले त्याच्यावरून. एवढ्या वेगानं चाक फिरतंय. थेट भिंत फोडून आमच्या पलंगावर यायचे हो!"

"मलाही तेच वाटायचं. शोकेसमधली काचेची भांडी काढून मी पोटमाळ्यावर ठेवली होती. पण एकदा खरंच सुटले. चाक लाटण्यावरून उतरून फरशीला लागलं, च्यूं असा आवाज आला, सायकल वीतभर पुढे सरकली आणि उभी. बस्स. हे खाली उतरून हँडल धरून असे उभे, जणू भाजी आणायला निघालेत."

आमचा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं आला तेव्हा पाटीवर गणित मांडून दाखवलं. वेग असतो तो नुसता चाकांना. माणूस जागेवरच बसलेला असतो. दोन्ही चाकांच्या रिम-टायरचं वजन धरलं तर दोन-अडीच किलो, आणि माणूस आणि सायकल मिळून ८०-८५ किलो. तासाला ३० किलोमीटरनं फिरणारी ती दोन किलो तेवढ्या मोठ्या धुडाला किती ढकलणार? सेकंदाला वीतभर. त्यामुळे पुढे उडायची भीती नाही, जी काय भीती ती बाजूला पडायची. आणि बाजूला पडायला गाद्या आहेत, शिवाय मी आहे.

"म्हणजे आमचा पलंग वाचला," वहिनी म्हणाल्या. "पण मी म्हणते, एवढी कसरत कशाला? आमच्या जावयांनी नाही का ती जिममधली सायकल आणली, चाक नसलेली. बसा, टीव्ही बघा, पाय हलवा. पडायचा प्रश्नच नाही."

"काय चाललंय तिचं?"

"कपडे वाळतात तिच्यावर. पावसाळ्यात फार सोय होते."

इथेच तर खरी ग्यानबाची मेख आहे. याच्यावर कपडे वाळत घालता येत नाहीत. मागचं चाक घट्ट पकडणारा एक सांगाडाही मिळतो, त्याला ट्रेनर म्हणतात. आणि आता तर मागचं चाक काढूनच सायकल ज्याच्यावर बसवायची असे महागडे निघालेत. समोर पडदा लावायचा, पडद्यावर डोंगर आला की यंत्र आपोआप जड होतं, आणि पडद्यावरची दुसरी बाहुली म्हणजे बेल्जियममधला कुणीतरी खराखुरा माणूस. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर टूर द फ्रान्सवाल्या शर्यतपटूंनीही घरात बसून पडद्यावर शर्यती केल्या. त्या यंत्रावर ताकद चांगली येते, घाम गाळायला ते नामी, हे मीही मान्य करते. पण ते तुम्हाला धरून ठेवतं. त्याच्यावर झोप लागली तरी माणूस पडत नाही. लाटण्यांवर एक क्षण मन भटकलं, फोन वाजला, मी आतून "गॅस संपला" म्हणून ओरडले, की ह्यांचं चाक लगेच दोन बोटं सरकतं. मी एकदा मुद्दाम ओरडून बघितलंय.

"ताई!"

"गॅस खरंच संपला होता हो."

आणखी एक. रस्त्यावर उतार असतो, सिग्नल असतो, ओळखीचा माणूस भेटतो. इथे उतारच नाही. पाय थांबवले की दोन-तीन क्षणांत चाकं थांबतात, आणि चाकं थांबली की तोल गेला. म्हणजे पाऊण तास म्हणजे पुरते पाऊण तास पायडल. ह्यांच्या सायकलीच्या मीटरवर इथे ३५ चा वेग दिसतो. रस्त्यावर ह्यांनी २२ च्या वर कधी काढला नाही. पहिल्या आठवड्यात हे छाती काढून सगळ्यांना ३५ सांगत सुटले होते. मग भाच्यानंच हवा काढली, की मामा, रस्त्यावर सगळ्यात जास्त जोर वारा कापायला लागतो. बोळात कसला आलाय वारा? इथे जो काय जोर लागतो तो टायर त्या लाटण्यांवर दबतो त्याचा. लाटणं जेवढं बारीक, तेवढा टायर जास्त दबतो आणि तेवढं जड. टायरमधली हवा कमी केली तरी जड. तेव्हापासून ३५ चं नाव नाही, पण किलोमीटर मोजणं आहेच. अठ्ठावीस झाले की बोळातून हाक येते, "त्र्यंबक आलं गं!" मी स्वयंपाकघरातून म्हणते, "प्रसाद घेऊन या."

वहिनी हसून हसून भिंतीला टेकल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण आपल्या नाशकात सायकलचं हे खूळ आहेच. ते दोघे डॉक्टर भाऊ नाही का, अमेरिकेला जाऊन आले?"

महाजन बंधू. त्यांचं कात्रण ह्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, तुम्ही चहाला आलात की त्याच्यावरच बशी ठेवता. २०१५ साली दोघांनी मिळून शर्यतीत अमेरिका आडवी पार केली, कॅलिफोर्नियाच्या समुद्रापासून पलीकडच्या समुद्रापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. एक चालवतोय तेव्हा दुसरा गाडीत, असं आलटून पालटून. आणि २०१७ मध्ये आपल्या नाशिकचे लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्यानं पुरी केली. बारा दिवसांच्या आत, एकट्यानं! त्याच वर्षी नागपूरचे अमित समर्थही. ह्यांना ते सगळं तोंडपाठ आहे, अगदी कालनिर्णयासारखं.

"आणि लाटण्यांवर चालवणारं मोठं कुणी?"

"असं काय विचारता! मेर्क्स. बेल्जियमचा एडी मेर्क्स, सायकलींतला आपला सचिन म्हणा. त्याची गोष्ट हे दर पाहुण्याला ऐकवतात. १९७२ साली त्याला एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचा विक्रम करायचा होता, आणि तो करायला तो जाणार होता मेक्सिको सिटीला. ते शहर सव्वादोन हजार मीटर उंचीवर. हवा विरळ, म्हणजे सायकल सुसाट, पण श्वास अपुरा. आता त्याची सवय घरबसल्या कशी करायची? तर त्यानं गॅरेजमध्ये ही लाटणी मांडली, तोंडाला मुखवटा लावला, नळी सिलिंडरला जोडली आणि विरळ हवा घेत घेत तिथेच पायडल मारत बसायचा. मग २५ ऑक्टोबरला तिकडे जाऊन तासाभरात ४९ किलोमीटर ४३१ मीटर काढले."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं, त्या ४३१ मीटरचा विचार करतायत. "त्याची बायको काय म्हणत असेल हो?"

"तेच मी ह्यांना विचारलं. त्याचं उत्तर पुस्तकात नाही म्हणाले."

त्या बायकोलाही घाम पुसावा लागला असणार, हे मात्र मी छातीठोक सांगते. रस्त्यावर वारा घाम वाळवत असतो, म्हणून किती आला ते कळतच नाही. बोळात तो सगळा खाली. पहिल्या दिवशी मला वाटलं फ्रिज गळतोय. टेबलफॅन समोर लावला, तरी सायकलीखाली थारोळं. बरं, घाम म्हणजे मिठाचं पाणी. हँडलच्या बोल्टांवर पंधरवड्यात तांबूस कडा धरली. तेव्हापासून सायकलीच्या दांड्यावर एक टॉवेल, हँडलवर एक, मानेवर एक. रोजचे तीन. आणि श्रावणात नाशकात तीन टॉवेल वाळवायचे म्हणजे! काल गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हणे, आणि आमच्या घरात टॉवेलांच्या वासाचा पूर.

"म्हणजे हे टॉवेल," वहिनींनी दोरीकडे बघितलं, "मला वाटलं पाहुणे आलेत."

पण खरं सांगू? टॉवेलांची तक्रार मी करते ती करायची म्हणून करते. पहिले पंधरा दिवस तो आवाज माझ्याही डोक्यात जायचा. मग एका पहाटे पोळ्यांची कणीक मळताना माझ्या लक्षात आलं, आवाज बदललाय. सुरुवातीला तो घर्र-घर्र-घर्र असा तुटक यायचा, जात्याला नवी सून बसली की येतो तसा. प्रत्येक पायडल खाली दाबलं की जोर, वर येताना ढिला. हे चाळीस वर्षं सायकल चालवतायत, पण पाय नुसते खाली आपटत होते. रस्त्यावर ते झाकून जातं. लाटणी झाकत नाहीत, अंग डोललं की लगेच चाक सापासारखं वळवळतं. आता महिन्यानं आवाज सलग झालाय. घूंऽऽऽ. मी आतून सांगते, "आज डावा गुडघा दुखतोय ना?" ह्यांना कोडं पडतं. हिला कसं कळलं? अहो, एक-दोन-एक-दोनमधला एक जरा लंगडा येतोय की.

मधे चार दिवस ऊन पडलं तेव्हा मुलाची नजर चुकवून हे गंगापूर धरणापर्यंत जाऊन आले. मंडळीतला एक जण मागून चालवत होता, तो म्हणाला, "काका, तुम्ही रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चार किलोमीटर गेलात, एकदाही खाली उतरला नाहीत." ह्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. तो पट्टा चार बोटं रुंद. लाटण्याचे पंधरा इंच आता ह्यांना मैदान वाटतात.

तरी वहिनींना मी एक सांगून ठेवलं. दादांना पाठवू नका लगेच. ज्याला मुळात सायकल नीट येत नाही, चक्कर येते, हाडं ठिसूळ आहेत, त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. आणि कसारा घाट चढायची ताकदही याच्यावर येत नाही. घाटाला घाटच लागतो. चढावर उभं राहून पायडल मारतात ना, ते इथे करायचं म्हणजे गाद्यांची संख्या वाढवायची. ह्यांनी करून बघितलं. माठ गेला.

"ते काही असो," वहिनी म्हणाल्या, "आवाजाचं काय?"

मी म्हटलं, वहिनी, तुम्ही आज बोललात ते बरं केलंत. खाली रबरी चटई टाकायची ठरलीच आहे. आणि अर्धा आवाज टायरचा आहे. ह्यांच्या टायरला खाचा आहेत, मातीच्या रस्त्यासाठीच्या. गुळगुळीत टायर घातला की निम्मा आवाज जाईल. शिवाय भिंतीपासून चौकट चार बोटं सरकवली तर...

"नको, नको," वहिनी घाईनं म्हणाल्या. "फार कमी नका करू. त्याच्याच आवाजानं उठतेय मी सध्या. गजर लावायचा सोडून दिलाय. काल भाऊजींनी सुट्टी घेतली तर आमच्याकडे दूधवाला परत गेला."

मग त्या जरा पुढे वाकल्या. चाळणी बाजूला सरकवली. "पण ताई, ते दुपारचं काय? भाऊजी तर दुपारी सावाना वाचनालयात पेपर वाचायला जातात. मी स्वतः त्यांना छत्री घेऊन जाताना बघितलं. आणि आवाज तर येत होता. पण असा सलग नाही. घर्र, घर्र आणि मग धप्प."

आता आली पंचाईत. मी दोरीवरचा एक टॉवेल काढून उगाच पुन्हा झटकला. पण २२ वर्षांच्या भिंतीला फसवायचं म्हणजे...

"कुणाला बोलू नका," मी म्हटलं. "लेकीची जुनी लेडीज सायकल होती ना, गच्चीच्या जिन्याखाली?"

वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"ओढणी कमरेला खोचते, दोन्ही बाजूंना गाद्या आणि डावा हात चौकटीवर. आठवडाभर तर हात सोडलाच नाही. तीस वर्षं पोरांना शाळेत पाढे म्हणायला लावले, आता स्वतः म्हणते, मोजायला बरे पडतात. हात सोडला की पाढा सुरू. पहिल्या दिवशी बे त्रिक सहाला आडवी. मंगळवारी तीनाचा अर्धा झाला. आणि काल, वहिनी, काल नवाचा पाढा नऊ दाहे नव्वदपर्यंत, आणि हात चौकटीला लागला नाही!"

"अगं बाई!" इतक्या वर्षांत वहिनी मला पहिल्यांदाच अगं म्हणाल्या. "आणि भाऊजींना कळलं नाही?"

"तीच तर भानगड आहे. ती लेडीज सायकल ह्यांच्या सायकलीपेक्षा लांब आहे. तिच्यासाठी पुढचं लाटणं एक भोक पुढे घ्यावं लागतं आणि झाल्यावर परत मागे. काल नवाच्या पाढ्याच्या आनंदात मी खीळ तशीच ठेवली. आज पहाटे हे बसले, दोन मिनिटांत उतरले आणि म्हणाले, काहीतरी बिघडलंय, सायकल मागे रेटतेय. लोखंड पावसाळ्यानं फुगलं असेल म्हणे! मी आपली कणकेत तोंड घालून गप्प."

तेवढ्यात आतून ह्यांची हाक आली. "अगं ए, तो ओळंब्याचा दोरा कुठे ठेवलास? नट बांधलेला?"

तो माझ्या ओढणीच्या टोकाला बांधलेला होता, कालपासून. वहिनींनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीवरून हात पुढे केला.

"आणा इकडे. भाऊजी," त्यांनी आमच्या मागच्या दाराकडे तोंड करून आवाज चढवला, "दोरा माझ्याकडे आहे हो! पडदे मोजायला आणला होता. दुपारी देते!"